ऐंशी मीटरला चौतीस क्लिक

२ नोव्हें., रविवार

दौंडला जाऊन रायफलीवर बसवायचा जुना स्कोप आणला. विकणारा रिटायर टी.सी., बोलायला साखर. गोड बोलणाऱ्याकडून वस्तू घ्यायची नाही हा माझा नियम, तरी घेतली. परतीच्या एसटीत तीनदा पेटी उघडून बघितली. काचेत केस दिसला. म्हटलं, गंडवलं आपल्याला. घरी येऊन पुसलं तर माझ्याच पापणीचा.

आता रायफल पुरी व्हायला फक्त पुढचा दोन पायांचा स्टँड राहिला. नळी आणि आतलं यंत्र तयार घेतलंय, हवेवरचं, परवाना लागत नाही. दस्ता सागाच्या जुन्या चौकटीतून मी काढला, दोन महिने कानस मारत होतो. परदेशी तयार शिकारी रायफल घ्यायची तर तेवढ्यात मोटरसायकल येते. आपली तशीच दिसते, फक्त कंपनीचं नाव नाही.

निमोण्यात जो तो विचारतो, कसली शिकार करणार? अरे, कागदाची. जानेवारीत पुण्याला लांबच्या नेमबाजीची स्पर्धा आहे, ८० मीटर. कुणाचाच विश्वास बसत नाही. माझा तरी लोकांवर कुठे बसतो म्हणा.

सुनंदा म्हणाली, "गिझर बंद पडून महिना झाला, आन् तुमची दुर्बीण आली."

५ नोव्हें., बुधवार

सेकंड शिफ्ट. सकाळी गच्चीवर बसलो. समोर आपला गोठा, मग मोकळं रान, मग शेजाऱ्यांच्या उसाचा बांध. बांधावर पांढरा दगड आहे, तिथवर टेप धरून बरोब्बर ८० मी. दगडाला कागद चिकटवला.

३० मी. ला झिरो, म्हणजे शून्य क्लिकवर नेम बरोब्बर. ८० ला स्कोपवरची उंचीची चकती ३४ क्लिक वर. एक क्लिक म्हणजे तिथं जेमतेम सहा मिलिमीटर. पाच छर्रे, पाचही चहाच्या बशीत मावतील एवढ्यात. टी.सी. प्रामाणिक निघाला. हे लिहायला जड जातंय.

पल्लवी कॉलेजला जाताना गच्चीवर आली. "पप्पा, मला एक मारू द्या ना." म्हटलं, स्पर्धा झाल्यावर. एनसीसीत रायफल धरली म्हणून तिला वाटतं सगळं येतं.

इनामगावच्या बाजूला बिबट्या परत दिसला म्हणे. सुनंदा खिळ्यांचा पट्टा गळ्यात घालूनच रानात जाते. पट्टा घालून हसली, "मंगळसूत्रापरीस ह्योच जड हाय."

८ नोव्हें., शनिवार

मी सेकंडला असताना शरद येऊन स्टँडचं माप घेऊन गेला. शिरूरला त्याचा लेथ आहे, शाळेपासूनचा दोस्त. सुनंदाने कपाट उघडून रायफल दिली. किल्ली देव्हाऱ्यात असते हे आता त्यालाही कळलं.

१० नोव्हें., सोमवार

कपाट उघडलं. चकती ३४ वर!

मी कधीही चकती वर ठेवून कपाट लावत नाही. कंपनीत सीएनसीवर एकवीस वर्षं काढली, मशीन झिरोवर आणल्याशिवाय शिफ्ट सोडलेली नाही. रायफलीचंही तेच. शून्य दिसल्याशिवाय किल्ली फिरत नाही.

म्हणजे शरदने चालवली. माप घ्यायला आला आणि गच्चीवर बसून हौस भागवली. विचारलं असतं तर दिली नसती का? नसती दिली. पण विचारायला हवं होतं.

११ नोव्हें., मंगळवार

शिरूरला जाऊन शरदला तोंडावर विचारलं. त्याने लेथ बंद केला, हात पुसले.

"दत्ता, तुझ्या रायफलीला माझी फूटपट्टी लागली, बोट न्हाई लागलं."

मी म्हटलं, चकती कशी फिरली मग, वाऱ्याने?

"मला तुझं ऐंशीचं आकडं कुठनं ठावं? ते तू वहीत लिवतोस. वही कोण वाचतं ते घरात बघ." मग अर्धवट झालेला स्टँड माझ्या हातात दिला. "दुसरीकडनं करून घे. परत हिकडं येऊ नगं."

तीस वर्षांची दोस्ती. येताना गाडीवर डोळ्यात पाणी आलं. तरी मनात होतं, चोराच्या उलट्या बोंबा.

१२ नोव्हें., बुधवार (ही वही कंपनीतली, लॉकरमध्ये)

घरच्या वहीत आता खरं लिहिता येणार नाही म्हणून इथं.

शरदचं बरोबर होतं. ३४ हा आकडा फक्त घरच्या वहीत आहे. ज्याने चकती फिरवली त्याने वही वाचली. घरात माणसं तीन. सुनंदा. पल्लवी. आबा, पण त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पेपरचं फक्त मोठं शीर्षक दिसतं. पल्लवी दिवसभर कॉलेज, क्लास. राहिली सुनंदा.

पण ती कशाला? गॅसचा लायटर उडाला तरी दचकते.

कंपनीत एकदा माझ्या मशीनचे ऑफसेट, म्हणजे मापाचे आकडे, कुणीतरी रात्रपाळीत बदलायचं. मी सेटिंगच्या कागदावर मुद्दाम खोटा आकडा लिहून ठेवला. ज्याने तो मारला तो सापडला. दोन जॉब स्क्रॅप गेले, पण सापडला. इथं स्क्रॅप जायला आहे काय?

१३ नोव्हें., गुरुवार (घरची वही)

नवे छर्रे आले, जड आहेत. ८० मी. ला ३४ रद्द. आता ६२ क्लिक.

१३ नोव्हें. (लॉकर)

६२ खोटं आहे. छर्रे तेच आहेत. चकतीची एक पूर्ण फेरी ६० क्लिकची. ६२ म्हणजे फेरी आणि वर दोन. मी झिरोवर ठेवतो हे त्याने घरच्या वहीत वाचलं असणार, आता परत शून्यावर आणून ठेवेल. पण नवखा माणूस आकडा बघतो, फेरी मोजत नाही. दोन क्लिक मागे घेईल, शून्य दिसेल, खूश होईल. फेरी तशीच राहील. घड्याळात बारा दिसावेत पण दिवसाचे की रात्रीचे कळू नये, तसं.

हुशारी माझी मलाच आवडली.

१९ नोव्हें., बुधवार (लॉकर)

आज सकाळपर्यंत रोज बघितलं. खरा शून्य. उद्यापासून कपाट उघडणं बंद, सापळ्याला वेळ द्यायचा. जेवताना सुनंदाच्या तोंडाकडे बघत बसतो. ती म्हणाली, "काय हाय? मीठ जास्त झालं का?" म्हटलं नाही. खरं तर झालं होतं.

२१ नोव्हें., शुक्रवार (लॉकर)

सुनंदा हल्ली धार लवकर काढते, दिवस बुडायच्या आत. विचारलं तर म्हणे, "परवा उसातनं शेळीवाणी वास आला." मला का नाही सांगितलं? "तुमी सेकंडला. फोन करून काय, मशिनीवरनं उडी मारून येणार व्हता?"

माझ्यापासून किती गोष्टी लपतात या घरात.

२४ नोव्हें., सोमवार (लॉकर)

मशीन थांबवून लिहितोय.

सकाळी वनखात्याचे गार्ड आले. त्यांनी आपल्या बांधाजवळ कॅमेरा लावला होता. मोबाईलवर फोटो दाखवला. बिबट्याची मादी आहे. डावा डोळा गेलेला, गाल सुजलेला.

"दत्ताभाऊ, छर्रा हाय ह्यो. गावात लांब मारणारी रायफल तुमचीच."

म्हटलं, कुलपात असते. कुणी हात लावत नाही. माझं तोंड हे सगळं आपोआप बोललं.

"तुमच्यावर आळ न्हाई घेत मी. पन एका डोळ्याचं जनावर आता उसात ससं धरणार न्हाई. गोठ्याकडं येणार. माणसाकडं येणार. पिंजरा लावतोय, तवर बायामाणसं एकटी सोडू नका."

ते गेल्यावर कपाट उघडलं. चकती शून्यावर. चकतीची टोपी काढून खालच्या फेरीच्या रेघा बघितल्या, एक फेरी वर.

२५ नोव्हें., मंगळवार (लॉकर)

६२ ने मारलं. ३४ पेक्षा २८ क्लिक जास्त. २८ गुणिले सहा, सतरा सेंटिमीटर. जिथं नेम धरला त्याच्या वीतभर वर लागणार.

वीतभर वर.

मी हे रात्रभर मोजतोय आणि दर वेळी तेच येतंय.

२८ नोव्हें., शुक्रवार (लॉकर)

शिफ्ट बदलून फर्स्ट घेतली. धारेच्या वेळेला गोठ्यात पहार घेऊन उभा असतो. पिंजऱ्यात कोंबडी ओरडते, बिबटी येत नाही. काल शेजाऱ्यांचं वासरू गेलं.

सुनंदा धार काढता काढता म्हणाली, "पहार धरून माझ्याकडं काय बघता? उसाकडं बघा."

खरंच तिच्याकडेच बघत होतो.

३० नोव्हें., रविवार (घरची वही)

रायफल कुणी चालवली? मी ओरडणार नाही. गार्डसाहेब सोमवारी, ८ तारखेला, जबाब घ्यायला येणार आहेत. त्याआधी मला कळायला हवं. खाली लिहा.

१ डिसें., सोमवार (लॉकर)

सकाळी वहीत खाली लिहिलेलं सापडलं: "मी. सुनंदा." अक्षर तिचंच, बचत गटाच्या रजिस्टरमध्ये असतं तसं गोल.

चहा घ्यायला अंगणात गेलो तर आबा खाटेवर उठून बसले. "दत्ता, पोरीला काय बोलू नगं. म्हंजी सूनबाईला. त्या बंदुकीचं माझ्या हातनं झालं."

त्यांची बशी हातात वाजत होती. अर्धा चहा धोतरावर. या हाताने ८० मीटर?

मग सुनंदाला रायफल काढून दाखवली. म्हटलं, चकती कशी फिरवलीस ते दाखव. तिने फोकसचं चाक धरलं.

दोघंही खोटं बोलतायत. एकमेकांसाठी नाही. आबांची जीभ "पोरीला" म्हणून घसरली ती सुनंदावरून नव्हे. सुनंदाला ते कधी पोरगी म्हणत नाहीत, सूनबाई म्हणतात.

मी किती मूर्ख. घरात माणसं तीन, त्यातलं एक मी दिवसभर कॉलेजात घालून ठेवलं होतं.

४ डिसें., गुरुवार (लॉकर)

तीन दिवस पल्लवी आणि मी एका घरात राहतोय आणि एकमेकांना टाळतोय. तिची स्कूटी आली की मी गोठ्यात. मी घरात आलो की ती गच्चीवर.

शरदला फोन केला. उचलला नाही. परत केला. "बोल." म्हटलं, चुकलो. मागे लेथ चालू होता. "आता कुणावर संशय हाय?" म्हणाला आणि ठेवला.

७ डिसें., रविवार (घरची वही)

आता सगळं याच वहीत लिहितो.

संध्याकाळी पल्लवी स्वतःच आली. हातात छर्ऱ्यांची डबी.

"पप्पा, छर्रे तर तेच आहेत. डबीवर वजन तेच छापलंय. मग ८० ला ६२ कसे?"

मी डबी घेऊन वजन परत वाचलं.

"पहिल्यांदा बिबटी बांधावर बसली होती. मम्मी खाली धारेला. मम्मीला हाक मारली तर ती उठली असती, बिबटी धावली असती. मी ३४ लावले आणि पांढऱ्या दगडावर मारला. ठिणगीसारखं उडालं, ती पळाली. मम्मीला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा परत तिथंच बसली होती, दगडाच्या मागे. तोंड दगडाच्या वर. मी परत दगडावरच नेम धरला, पप्पा. दगडावरच. तुमच्या वहीत ६२ होते म्हणून ६२ लावले."

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही चुकत नाही आकड्यात. मुद्दाम लिहिलं होतं?"

तेवढ्यात सुनंदाने खालून हाक मारली, पहार घेऊन या, धारेची वेळ झाली. मी गेलो. पळालो असंच म्हणायचं. उसात काहीतरी सळसळलं. कुत्रं होतं, की नव्हतं. दोन्ही म्हशी अंग चोरून उभ्या होत्या. सुनंदाच्या गळ्यात पट्टा, आणि ती धार काढताना हळू आवाजात म्हणाली, "पोरगीनं मला वाचीवलं. उद्या त्यांना माझं नाव सांगा."

आबा म्हणतात त्यांचं सांगा. मी दोन्हींपैकी काही बोललेलो नाही.

गार्डसाहेब उद्या दहाला येतील. कपाट उघडतील, चकती बघतील, विचारतील. कुणाचं नाव द्यायचं ते ठरलेलं नाही. ती अजून बाहेरच आहे, एका डोळ्याने.

पल्लवी पहाटे सगळ्यांच्या आधी उठते आणि ही वही वाचते. म्हणून वही तिच्या टेबलावर उघडी ठेवतोय. १३ तारखेचं पान काढलंय. ६२ वर काट मारली, बाजूला ३४ लिहिले, खाली माझं नाव आणि सही.