पुरुषांचा सहभाग

६ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठ्या संशोधकांच्या खासगी नोंदी पुढे फार उपयोगी पडतात म्हणून. इन्स्टिट्यूटने नवा प्रोजेक्ट माझ्याकडे दिलाय: विकसनशील देशांतील कुटुंबनियोजन आणि पुरुषांचा सहभाग. सहभाग हा शब्दच विनोदी आहे. गोळ्या बायकांनी खायच्या, कॉपर-टी बायकांनी बसवून घ्यायची, टेबलावर बायकांनीच आडवं व्हायचं, आणि हे गडी बाहेर उभे राहून दात कोरणार. या प्राण्याची मला शिसारी येते. वर्षअखेर पुस्तक पूर्ण करायचं. रोज पहाटे उठून लिहायचं.

८ जानेवारी
उशिरा उठलो. थंडी फार.

१३ जानेवारी
कुटुंबनियोजन केंद्रात पहिली फेरी. बोळासारखी लांबट खोली. फिनाइलचा वास, आणि त्याखाली फिनाइललाही न जुमानणारा आणखी एक. भिंतीवर पोस्टर: आई, बाप, दोन मुलं, चौघांचेही दात एकसारखे. बापाच्या कपाळावर कोणीतरी च्युइंगगम चिकटवलंय. बाकावर रुमाल अंथरून बसलो. नंतर तो रुमालच टाकून दिला.

पहिली मुलाखत एका गॅरेजवाल्याची. तीन मुलं, बायको सारखी आजारी. नसबंदी का नाही केलीत, विचारलं. म्हणाला, साहेब, मला इंजिनं उचलावी लागतात, ताकद गेली म्हणजे? ताकदीचा काडीचाही संबंध नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी, असं मी कागदावर चित्र काढून समजावलं. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाला, पटलं, पण यंदा नको. यंदा नको! नखांत ग्रीस आणि डोक्यातही ग्रीस. घरी येऊन हात धुतले. परत धुतले.

२२ जानेवारी
एकेक नमुने. एकाला आईची परवानगी नाही, वय पन्नास. एक म्हणतो, उन्हाळ्यात जखम चिघळते आणि थंडीत टाके ओढतात, म्हणून तो मधल्या हवेची वाट बघतोय. एकजण बायकोला आत पाठवून बाकावर बुटांसकट आडवा. तोंड उघडं. आत सगळे भरलेले दात. पुस्तकात बहाण्यांचं स्वतंत्र प्रकरण करणार.

आमच्या ऑफिसातला आकडेमोड्या म्हणाला, नोंदींमध्ये लोकांना शिव्या घालू नका, तटस्थ राहा. त्याच्या कीबोर्डात गेल्या वर्षीची बिस्किटं आहेत. हा मला तटस्थपणा शिकवणार.

३० जानेवारी
बायकोचा रक्ताचा रिपोर्ट आला. रक्त बरंच कमी. कॉपर-टीने अंगावरून फार जायचं म्हणून काढून टाकली होती, गोळ्यांनी डोकं उठायचं म्हणून त्याही बंद. लेडी डॉक्टर तिला म्हणाली, अशा अंगात पुन्हा दिवस राहायला नकोत, आणि तुमचं ऑपरेशनही इतक्यात नको. नवऱ्याचं करून टाका, सगळ्यात सोपं. बायकोने हे भाजी चिरता चिरता सांगितलं. मी तत्त्वतः ताबडतोब होकार दिला. ती म्हणाली, तत्त्वतः म्हणजे कोणत्या तारखेला? ती शाळेत भूगोल शिकवते. तिला प्रत्येक गोष्ट नकाशावर बोट ठेवून दाखवावी लागते.

४ फेब्रुवारी
शांत डोक्याने विचार केला. अडचण वैयक्तिक नाही, शास्त्रीय आहे. मी स्वतः नसबंदी करून घेतली तर मी माझ्याच अभ्यासाचा नमुना होतो. निष्कर्ष कलुषित होतात. याला बायस म्हणतात. बायकोला समजावलं. ती म्हणाली, तुमचा अभ्यास टाळाटाळ करणाऱ्या नवऱ्यांवर आहे ना? मग तुम्ही त्यात आधीच आहात. संशोधनपद्धती हा तिचा विषय नाही.

११ फेब्रुवारी
पाठ धरली. ऑफिसच्या खुर्च्या भिकार. अशा पाठीने कुठल्याही टेबलावर झोपणं धोक्याचं. गॅरेजवाल्याचं दुखणं काल्पनिक होतं, माझं खरं आहे. हा फरक पुस्तकात नीट मांडायला हवा.

पुस्तकाचं पान अजून एकही नाही. प्रस्तावना डोक्यात तयार.

२४ फेब्रुवारी
थोरली मेहुणी आली होती. चहा भुरकून पिते. कप खाली ठेवला तरी आवाज काही वेळ खोलीत राहतो. मुलांसमोर मला म्हणाली, काय साहेब, सुईला घाबरता की कात्रीला? मी मोकळेपणाने हसलो. मुलगी हसली नाही. पंधरा वर्षांची आहे, सगळं कळतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं: पुढच्या गुरुवारी. बायकोने मला आणखी एक पोळी वाढली.

५ मार्च, सकाळ
आज. नवीन अंतर्वस्त्रं. मन स्थिर. संशोधकाने स्वतःच उदाहरण घालून द्यावं, असं आता प्रकर्षाने वाटतं. बायसचा मुद्दा तळटीपेत घालता येईल.

५ मार्च, दुपार
केंद्रावर वेळेत पोचलो. समुपदेशन झालं. मीच समुपदेशकाच्या दोन चुका दाखवल्या. मग हिरवा झगा दिला, पाठीमागे उघडा. त्यात आधीच्या माणसाची ऊब होती. आत ट्रे. ट्रेमध्ये वस्तू. पडद्यामागे कोणीतरी खोकत होतं.

इतक्यात दारात कोण, तर गॅरेजवाला! म्हणाला, साहेब, तुम्ही चित्र काढलंत तेव्हापासून डोक्यातून जात नव्हतं. बायको पार खंगली हो. आज हिंमत करून आलो तर म्हणतात नंबर संपले. मी क्षणाचाही विचार केला नाही. माझा नंबर त्याला देऊन टाकला. सर्जनला म्हटलं, आधी गरजूंना. गॅरेजवाल्याने माझे दोन्ही हात धरले. सर्जन विचित्र हसला. त्याच्या नाकात केस आहेत.

हिशेब सरळ आहे. आज एका पुरुषाने सहभाग घ्यायचा होता. एकाने घेतला. तोही माझ्यामुळे.

५ मार्च, संध्याकाळ
बायको दारातच उभी होती. म्हणाली, झालं? म्हटलं, झालं. झालंच होतं. कोणाचं, ते तिने विचारलं नाही. तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही, जिन्यावरून वर येईपर्यंत. म्हणाली, तुम्ही पडा, मी सुट्टी टाकलीय. त्या क्षणी खुलासा करणं निव्वळ क्रूरपणा ठरला असता.

बर्फाची पिशवी आणून दिली. ठेवली. फार गार आहे.

७ मार्च
अंथरुणातच. मुलगी सूप आणते, मुलगा उशी सारखी करतो. बायको फोनवर शाळेतल्या बाईंना सांगत होती, हो, ह्यांनी स्वतःहून. आवाज भरून आला होता तिचा. दोनदा कण्हलो. पाठीसाठी.

नवीन तारीख घ्यायची आणि गुपचूप उरकून टाकायचं. म्हणजे सगळं आपोआप खरं होईल. सोमवारी पहिला फोन केंद्राला.

१९ मार्च
फोन राहिला. त्यांचा फोन बहुधा एंगेजच असणार.

२८ एप्रिल
इन्स्टिट्यूटमध्ये माझं सादरीकरण. टाळ्या पडल्या. डायरेक्टरने पाठीवर थाप मारली. तळवा घामट, शर्टावर डाग. म्हणाला, तुमच्या बोलण्यात एक सच्चेपणा आहे. तो कुठून आला असावा ते मला ठाऊक आहे: मी हा विषय जगलोय.

१० जून
बायकोने विचारलं, ऑपरेशननंतरच्या तपासणीचा रिपोर्ट आला का? आता काळजी घेणं सोडायचं का? म्हटलं, मी या विषयातला माणूस आहे, माझ्यावर सोड. तिने सोडलं. हिचा हा भाबडेपणा कधीकधी बघवत नाही.

मी अर्थात बेसावध नाही. पाळीच्या तारखा बघून चालतो. विकसनशील देशांत ही पद्धत फार वापरतात. ती फसतेही फार, पण ते लोक तारखा नीट मोजत नाहीत.

२ ऑगस्ट
बायकोची पाळी पुढे गेली. शाळेची दगदग असेल.

९ ऑगस्ट
दगदग नाही.

तिला वाटतं माझं ऑपरेशन फसलं. म्हणाली, तुमचा काय दोष, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत. म्हटलं, होतं असं, क्वचित होतं. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. ओठ पांढरे दिसत होते. रक्त आणखी उतरलंय.

आज बोलणार होतो. पण तिची अवस्था बोलण्यासारखी नव्हती.

११ ऑगस्ट, सकाळ
बायको सर्जनला जाब विचारायला निघाली. सोबत मेहुणी, पर्स काखेत घट्ट. मी म्हटलं, कशाला उगीच, डॉक्टरवर विश्वास हवा. बायको म्हणाली, तुम्ही इतकं सोसलंत आणि तो माणूस मोकळा सुटणार? लेखी तक्रार करणार मी. माझी बाजू घेऊन इतकी चिडलेली तिला मी लग्नापासून पाहिलेली नाही. चप्पलही नीट न घालता जिना उतरली.

मी येतो म्हटलं. म्हणाली, तुम्ही आराम करा.

११ ऑगस्ट, दुपार
अजून आल्या नाहीत.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
आल्या. बायको सरळ आत गेली. बोलली ती मेहुणी.

बायकोने म्हणे भरल्या बाकांसमोर सर्जनवर आवाज चढवला. नर्सेस गोळा झाल्या. माझ्या नवऱ्याच्या जिवाशी खेळलात, असं म्हणाली. सर्जनने नाव ऐकलं आणि तिला खुर्ची दिली. म्हणाला, बाई, तुमच्या मिस्टरांनी करून घेतलं नाही. झगा टाकून निघून गेले ते. आम्ही नंतर दोनदा फोन केला, त्यांनी कट केला. (अनोळखी नंबर होता.) बायकोने त्याची माफी मागितली. सगळ्यांदेखत. उभं राहून.

मी आत गेलो. ती कॉटच्या कडेवर बसली होती. एवढंच म्हणाली, पोरांच्या हातचं सूप कसं उतरलं हो तुमच्या घशाखाली?

म्हटलं, पाठ खरंच दुखत होती.

१३ ऑगस्ट
बायकोला म्हटलं, आत्ता फोन लावतो, उद्याच्या उद्या करून घेतो. म्हणाली, आता कशाला. तिने ठरवलंय. आधी रक्त चढवायचं, मग गर्भ काढून टाकायचा आणि त्याच वेळी तिचंच ऑपरेशन. लेडी डॉक्टर नाइलाजाने तयार झालीय. मी धोक्यांबद्दल सांगायला लागलो, माझ्याकडे ताजी आकडेवारी आहे. तिने माझ्याकडे बघितलं. आकडेवारी राहिली.

मुलगी माझ्यासमोरून पाण्याचा ग्लास नेते आणि मला विचारत नाही.

१९ ऑगस्ट
रक्त मेहुणीने दिलं. माझं जुळलं नाही. या वेळी खरंच.

२० ऑगस्ट
बायकोला सकाळी आत नेलं. मला नवऱ्यांच्या खोलीत बसवलं. एकजण मोबाइलवर मोठ्या आवाजात गेम खेळत होता. एकाने पाणी सांडून त्यावर आपलाच पाय फिरवला. एक सॉक्स काढून बोटांच्या बेचक्या खाजवत होता. शी.

शेजारी एक जाडगेला, शर्टाचं बटण तुटलेलं. मिसेसचं का, म्हणाला. हो म्हटलं. म्हणाला, बायकांचं झालेलं बरं असतं. आपल्यासारख्यांना कुठे झेपतं हो. मी तोंड उघडलं. आठ महिन्यांचा अभ्यास होता माझ्याकडे, एकेका शब्दाला उत्तर होतं. त्याने पेपरमिंटची गोळी पुढे केली. घेतली.

खूप वेळाने नर्स दारात आली. रक्त बरंच गेलं, पण शुद्धीवर आल्यात म्हणाली. मी पटकन उठलो. शर्ट खोचला. नर्स म्हणाली, तुम्ही नाही. त्यांनी बहिणीला बोलावलंय.

मेहुणी आत गेली. मी बसलो. शेजारच्याने सरकून जागा दिली.