जास्तीची भाकरी

प्रिय नाना,

काल आईला घेऊन दिल्लीहून लातूरला परतले. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. आज तुमच्यावर थोडं रागवायचंय आणि एक कबुलीही द्यायचीय, म्हणून लिहायला बसले.

राष्ट्रीय युद्ध स्मारकात तुमचं नाव बघायला गेलो होतो. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या सगळ्या बाईंना मी आधीच सांगून बसले होते, माझ्या वडिलांचं नाव तिथं कोरलंय म्हणून! एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही होता, मग असणारच की. तासभर भिंती धुंडाळल्या. शेवटी एका जवानानं समजावलं, इथं फक्त शहिदांची नावं असतात. मी एवढंसं तोंड करून उभी!

आई मात्र हसली. "न्हाई तेच बरं हाय की गं. नाव असतं तर तू कुठून आली असतीस?"

मग म्हणाली, "आता धोंडिरामचं बघ."

कोण धोंडिराम, नाना? तुम्ही कधी बोलला नाहीत. आईला पूर्ण नाव, पलटण, सगळं पाठ होतं. नाव सापडलं तेव्हा तिनं दुरूनच हात जोडले आणि तिथंच मला सांगितलं. तुम्ही फौजेत स्वयंपाकी. हा धोंडिराम अहमदपूरकडचा जवान. गव्हाच्या रोट्यांना कंटाळलेला. घरून आलेलं मूठभर ज्वारीचं पीठ तुमच्याकडं देऊन म्हणाला, एक भाकरी करून दे. तुम्ही दमलेले होता, म्हणालात, "उद्या थापतो." दुसऱ्या दिवशी तो लढाईवरून परतलाच नाही.

जळकोटच्या घरी आईचा स्वयंपाक उरकला की तुम्ही चुलीपुढं बसून एक भाकरी स्वतः थापायचात. फौजी माणूस भाकऱ्या बडवतोय म्हणून गल्ली हसायची. आम्हीही हसायचो! "कुणासाठी हो नाना?" विचारलं की एकच उत्तर, "येईल कुणीतरी." मग ती पोस्टमनला जायची, नाहीतर दारावर आलेल्या बोहारणीला.

गावानं सत्कार ठेवला, तर गेला नाहीत. "ज्याचा करायचा तो आलाच न्हाई," एवढंच म्हणालात. आम्ही तुम्हाला हेकट ठरवलं. अहो, एकदा सांगायचं तरी! पन्नास वर्षं एक भाकरी एकट्यानं सांभाळलीत. केवढे मोठे होता तुम्ही, आणि आम्हाला पत्ताच नाही.

आता कबुली. तुम्ही गेल्यावर आई इकडं माझ्याकडं आली आणि मी ती भाकरी बंद केली. उगाच उरते म्हणून. आई मग रोज आपल्या ताटातली अर्धी बाजूला काढून ठेवायची. मला वाटायचं, तिची भूक मेलीय.

आज मी थापली. एका बाजूनं चिरली, तुम्ही असता तर नावं ठेवली असतीत. पण आईनं आज स्वतःची भाकरी पूर्ण खाल्ली.

रोज एक जास्तीची होईल, नाना. कुणासाठी म्हणून कुणी विचारलं, तर तुमच्यासारखं "येईल कुणीतरी" म्हणणार नाही. धोंडिरामकाकांचं नाव सांगेन.

तुमचीच,
सुमन