पाळणा शूटिंगला

४ फेब्रु. ९९
मुंबईहून सिनेमाचा आर्टवाला आला. ह्यांची वाशिंदची कंपनी बंद पडल्यापासून ह्यांनी जमवलेलं जुनं सामान घरभर पडलंय. व्हॉल्व्हचा रेडिओ, पेट्रोमॅक्स, पितळी डबे. मी आजवर भंगारच म्हणत आले. हा बाबा हरखला! सगळं भाड्याने हवं म्हणाला. पहिलं गिऱ्हाईक. मग माळ्यावरचा सागवानी पाळणा दिसला. तो वंदीच्या बाळासाठी ठेवलेला. लेक बाळंतपणाला आलीय, नववा लागलाय. गेल्या खेपेस सातव्यातच सगळं...
"पाळणा नाय द्यायचा," मी म्हटलं. तो म्हणे, मग बाकीचंही नको.

५ फेब्रु.
हे जेवले नाहीत. शेवटी वंदीच म्हणाली, "दे गो आई. बाबांना हसताना बघून किती दिस झालं."
दिला. नेल्यापासून चार दिवसांत परत, या बोलीवर. आणि मी सोबत जाणार, वंदीपाशी तोवर शेजारीण.

९ फेब्रु., मुरबाडकडे
सीन काय, तर बाई घर सोडून गेलेली नि रिकामा पाळणा हलतोय. अंगावर काटाच आला. रिकामा पाळणा हलवतात का कुठे? दोरी धरून उभी राहिले. सगळे खोळंबले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.
डायरेक्टर गोड बोलला, "मावशी, रिकामा दिसायला तरी हवा ना!"
दिसू दे की! शूटिंग चाललेल्या घरच्या बाईकडून वरवंटा मागितला. धुतला, फडक्यात गुंडाळला, पाळण्यातल्या गोधडीखाली सारला. बारशाला बाळाआधी ठेवतात तसा. म्हटलं, आता हलवा खुशाल.
पाळणा कुरकुरला आणि मला रडू फुटलं. गेल्या खेपेचं लेकरू यात निजलंच नाही.

१३ फेब्रु.
हिरॉइन तापाने आडवी, शूटिंग लांबलं. पाळणा तिकडेच, हेही तिकडेच. मी एकटी परतले. चार दिवस म्हणे! ह्या सिनेमावाल्यांचं काय जातंय.

१५ फेब्रु.
सकाळीच वंदीला कळा. दवाखान्यात आणलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके छान आहेत. तेवढ्यावर जीव भांड्यात पडला.
निरोप धाडला होता, तर समोरच्या फोन बूथवर ह्यांचा फोन. "सुटलं गो काम! टेम्पोत पाळणा चढवतोय. पोचतो का टायमात?"
"सावकाश या. घाई करू नका."
आत वंदी ओरडतेय. मी दाराशी बसून हे लिहितेय. पाळणा मागून आला तरी चालेल. तोवर माझी मांडी आहे.