करडईच्या रानाला पडीक म्हणाले

प्रिय आत्या,

आधी एक दुरुस्ती. तुझ्या तेराव्याला लिहिलेल्या पत्रात मी म्हटलं होतं, की काकांनी तुझी करडई मोडली. तसं नाही. करडई उभी आहे, वाळून कापणीला आलीय. मोडायचं फक्त ठरलंय. खोटं लिहिलं गेलं याची रुखरुख लागली, म्हणून पुन्हा लिहितेय.

काकांच्या डोक्यात पाम तेलाची झाडं भरलीत. रोपं देणारा माणूस काल रानात आला. करडईकडं बघून म्हणाला, "नुसते काटेच हायेत की! पडीक दिसतंय."

आणि काका, तुझे सख्खे भाऊ, काय म्हणाले? "पडीकच हाय."

पडीक! जिचं तेल चटणीवर घेतल्याशिवाय त्यांना भाकर गोड लागत नाही, ती करडई? एक पाणी न मागता नुसत्या जमिनीच्या ओलीवर वाढलेलं पीक पडीक?

मी त्या माणसाला विचारलं, "पामाला पाणी किती लागतं?"

"ठिबक करा की, ताई. बारा महिने सोडायचं."

"उन्हाळ्यात आमच्या विहिरीत घागर बुडत न्हाई. बरं, फळ तोडलं की तेल गाळायचं कधी?"

"एक-दोन दिवसांत."

"गिरणी कुठंय?"

"व्हईल की!"

काका हसले. "लय शिकली हाय आमची पोरगी. तुमी चहा घ्या."

शिकले कुणामुळं गं? शाळेत नाव घालायच्या आधी याच काकांनी मला ओट्यावर बसवून पाढे शिकवले. न कळता मान हलवली की डोक्यात टपली मारायचे. म्हणून तर राग जास्त येतो, आणि त्यांच्यापुढं तोंड उघडायची भीतीही वाटते.

तुझ्यावरही रागावलेय. रान माझ्या नावावर केलंस, पण भावाला बसवून का नाही सांगितलंस? ते अजून म्हणतात, "पोरीला रानातलं काय कळतंय?"

पाम वाईट झाड आहे, असं मी म्हणत नाही. जिथं पाऊस भरपूर आणि गिरणी जवळ, तिथल्या लहान शेतकऱ्याचं त्यावर भलं होत असेल. पण आपल्या परभणीकडच्या कोरडवाहू रानात ते कुणाच्या जिवावर जगायचं?

खड्डे खोदणारं यंत्र सोमवारी येणार आहे. त्याआधीच मी कापणीला लागते. दवानं काटे मऊ असतात तेव्हाच विळा घालायचा, तू घालायचीस तसा. काका बांधाच्या धुऱ्यावर आले की सांगेन, "काका, रान माझं हाय. हितं पाम लागणार न्हाई." आवाज कापला तरी सांगेन. हा माझा तुला शब्द.

येत्या रविवारी, पहाटे.

तुझीच,
सुमी