फोटोतला झगा

३ जानेवारी
थोरल्या जाऊबाईंना संस्कृतीचा झटका आलाय! त्या आमच्या समाजमंडळाच्या अध्यक्षा. जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार म्हणे — ‘आपला पोशाख, आपली ओळख’. वर्षभर जीन्समध्ये वावरणारी बाई! सासूबाईंच्या ट्रंकेतून त्यांचा तरुणपणीचा फोटो पळवला. घेरदार झगा, आरसे जडवलेलं जाकीट, कपाळावर नाण्यांची झालर.
‘‘डोळ्यांत अभिमान बघ केवढा!’’
मला तर डोळ्यांत ऊन गेल्यासारखं दिसलं.

५ जानेवारी
फोटो दाराएवढा मोठा करून आणला. वर रंगवूनही घेतला! सासूबाई बघत राहिल्या. ‘‘झगा निळा होता,’’ एवढंच म्हणाल्या.
‘‘लाल उठून दिसतो, आई.’’
झालं! ज्यांनी घातला त्यांना काय कळतंय?

९ जानेवारी
नवा झगा शिवून आला. लालच. पाठीला चेन. सासूबाईंनी तो घालून व्यासपीठावर बसायचं. हे म्हणतात, ‘‘आईची हौस आहे, तू कशाला नाक मुरडतेस?’’ आईची हौस! आईला विचारलंय कुणी?

मी विचारलं. भाजी निवडता निवडता बोलल्या. गिरणीत कामाला लागायच्या आदल्या दिवशीचा तो फोटो. मुकादमानं बजावलं होतं — ‘‘असलं सोंग घालून आलीस तर आत घेणार नाही.’’ म्हणून त्यांच्या आईनं फोटोवाल्याकडे नेलं. ‘‘एकदा डोळे भरून बघून घेते तुला.’’ नंतर तो झगा कधी अंगावर चढला नाही.

जाऊबाईंच्या कानावर घातलं. तर — ‘‘अगंबाई, किती हृदयस्पर्शी! सूत्रसंचालनात घेऊ!’’
धन्य!

१२ जानेवारी
प्रदर्शन पार पडलं. फोटो बघणारे चार, फोटोपुढे उभं राहून स्वतःचे काढून घेणारे शंभर. जाऊबाईंनी सासूबाईंपुढे माईक धरला. ‘‘आपल्या ओळखीबद्दल दोन शब्द?’’
‘‘उकडतंय,’’ सासूबाई म्हणाल्या.
हसू दाबता दाबता माझी पुरेवाट!

१३ जानेवारी
सकाळी सासूबाई तो झगा घालून दूध आणायला निघाल्या. चेन अर्धीच लागलेली. मी धावले, दारात आडवी आले. ‘‘आई, कार्यक्रम झाला ना! लोक हसतील!’’
‘‘हसू देत,’’ म्हणाल्या, आणि माझा हात बाजूला केला.
मी मागोमाग गेले. कुणी हसलं नाही. दूधवाल्यानं मात्र विचारलं, ‘‘आज काय आहे, आजी?’’
‘‘सोमवार.’’