पहिल्याच डावात

११ फेब्रुवारी २०१६

पेपरात सुयशचा फोटो. हातात लॅपटॉप, मागं त्याच्या बापाच्या बायपासवरच्या टॉवरचं बांधकाम. खाली छापलंय — नवकंकरी मला आजीनं शिकवली, आता सगळ्या महाराष्ट्रानं ती ऑनलाइन खेळावी हे माझं स्वप्न.

आजीनं! इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मुकुंदवाडीत आमच्या ओट्यावर बसून शिकला तो. मायनं शिकवलं. विटेच्या तुकड्यानं पट आखला, नऊ खडे त्याच्या हातात दिले, तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक उचलायचा म्हणून सांगितलं. वर जेवू घातलं.

दोन वर्षं राबून खेळाची वेबसाइट मी उभी केली. बातमीत माझं नाव नाही. मागच्या महिन्यात म्हणाला, "भागीदारीचं पप्पांना पटत नाही रे. तू पगारावर राहा." पप्पा म्हणजे अनंतराव, बिल्डर. मी उठून आलो.

साइट बुडवणार.

१४ फेब्रुवारी

कोडला हात लावायचा नाही. तो माझा आहे. साधा रस्ता सापडला.

सुयशच्या हट्टापायी पट दिसायच्या आधीच मोबाइल नंबर, ओटीपी, पासवर्ड, जन्मतारीख भरावी लागते. मी भांडलो होतो — माणूस घटकाभर विरंगुळ्याला आलाय, आधी खेळू तर दे. ऐकलं नाही. त्यात प्रत्येक चालीला दहा सेकंदांचं घड्याळ. थरार पाहिजे म्हणे. बरेच लोक तिथंच पळतात. उरलेले मी गाठणार.

साइटवर गर्दी नाहीच. नवीन माणूस आला की जो मोकळा बसलाय त्याच्याशीच डाव लागतो. मोकळा मी बसणार. नाव घेतलंय 'डोंगळा'. नोकरी नाही, वेळच वेळ आहे.

१५ फेब्रुवारी

चालतंय. पहिल्याच डावात असा चेचायचा की परत फिरकत नाही.

२३ फेब्रुवारी

आज एकानं मध्येच लिहिलं, "काका, जरा हळू, शिकतोय." त्याचे सगळे खडे कोंडले, मग एकेक उचलला. डाव अर्धा टाकून गेला. बरं वाटलं. लई बरं वाटलं.

९ मार्च

नळाला पाणी नाही, टँकरचा पत्ता नाही. बायका ड्रम लावून बसलेल्या. माय आणि शेजारची सरूबाई नवकंकरी खेळत होत्या. खेळ कसला — सरूबाईच्या सुनेची तक्रार चाललेली, मध्ये आठवलं की एक खडा सरकायचा. मायनं सरूबाईचा खडा उचलला आणि तिचं तोंड पडलेलं बघून परत ठेवला. टँकर आला तशा दोघी उठल्या. कोण जिंकलं कुणी विचारलं नाही.

लोकांना हे पाहिजे असतं. साइटवर हेच नाही. सुयश इथं आला असता तर आधी दोघींची जन्मतारीख विचारली असती. एकटाच हसलो.

हे त्याला सांगणार नाही. मरू दे.

२ एप्रिल

सुयश भेटला. सिडकोत, चहाच्या गाड्यावर. त्यानंच बोलावलं होतं. दाढी वाढलेली. लोक येतात, एक डाव खेळतात आणि गायब होतात म्हणाला. जाहिरात करून झाली, बक्षिसं ठेवून झाली. पप्पा रोज टोचून बोलतात.

"आकाश, तुला काय वाटतं? कुठं चुकतंय?"

मी म्हणालो, "उन्हाळा आहे."

त्यानं मान हलवली. पुढं म्हणाला, "एक डोंगळा म्हणून कोणीतरी आहे. कधीही बघ, असतोच. त्याच्यामुळं साइट जागी वाटते. असा एक तरी माणूस आहे म्हणून मी बंद करत नाही."

चहा नाकात गेला.

३ एप्रिल

म्हणजे मीच जगवतोय? जाऊ दे. नवे टिकले नाहीत की एकटा डोंगळा काय कामाचा.

१९ एप्रिल

एक चिवट निघालाय. 'पाहुणा' नाव. रोज दुपारी येतो, रोज हरतो. खडे नेमक्या जागी ठेवतो, पण हात मंद. घड्याळ संपतं, चाल माझ्याकडं येते. दुसरा असता तर पळाला असता. हा परत येतो.

चेचतोय.

२२ एप्रिल

पाहुणा आजही आला. डोकं सटकलं. डाव संपल्यावर लिहिलं — "हा खेळ तुझ्यासारख्या अडाण्याचा नाही. परत तोंड दाखवू नको."

बराच वेळ तो तसाच थांबलेला दिसला. मग गेला.

२५ एप्रिल

पाहुणा आला नाही. कालही नव्हता.

२७ एप्रिल

सुयशचा मेसेज. एक मेपासून साइट बंद. पप्पांनी हात वर केले.

जिंकलो! बहिणीसाठी, मोनालीसाठी, इमरती आणली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तिला सगळं सांगितलं. डोंगळ्याचं, काकावाल्याचं, पाहुण्याचं. ती हसेल वाटलं होतं. इमरती हातात घेतली होती, ती तिनं परत ठेवली. उठून आत गेली.

२८ एप्रिल

मोनाली आज बोलली. मायला तिच्या जुन्या मोबाइलवर तिनंच खेळ लावून दिला होता. 'पाहुणा' नाव पण तिनंच टाकलेलं. पोरानं केलेलं एकदा बघायचंय, त्याला सांगू नको, असं माय म्हणाली होती. माझं ते वाक्य मायनं तिच्याकडून वाचून घेतलं.

मायला डोंगळा कोण ते अजून माहीत नाही. आज भाकरी वाढताना मला म्हणाली, "तुझ्या त्या खेळात एक माणूस हाय बघ, लई कावलेला. कुणीतरी त्याचं लई वाईट केलं असंल. सापडला तर जेवाया घेऊन ये."