मीनलच्या मापाची खुर्ची

बदलापूर, ५ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. उमाताईस, मीनलचा सा. न. वि. वि.

नऊ वर्षांनी पत्र, आणि तेही कामाचं, म्हणून रागावू नकोस. तू नानिकभावोजींशी लग्न केलंस, सिंध्याच्या घरात गेलीस, तेव्हापासून आप्पांनी घरात तुझं नाव काढू दिलेलं नाही. मीही भित्री, गप्प राहिले.

ऑगस्टमध्ये आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात जिन्यावरून पडले. कमरेची चकती सरकली. दिवाळीही पडूनच गेली. आता साहेबांचा निरोप आलाय की एक डिसेंबरला हजर व्हा, नाहीतर जागा भरू. टायपिंगला आम्हाला लोखंडी घडीची खुर्ची असते. डॉक्टर म्हणाले, तिच्यावर बसलीस तर ऑपरेशनच. साहेब म्हणाले, हवी तर स्वतःची आणा. आप्पा कामाला होते तो कारखाना बंद पडलाय, घर माझ्याच पगारावर आहे. औषधपाणी जाऊन बाराशे उरलेत. त्यात पाठ धरून ठेवणारी खुर्ची तुमच्या फर्निचरच्या दुकानात मिळेल का? ताई, वीस मिनिटांच्या वर मला बसवत नाही.

उत्तर शेजारच्या मोतीबाईंच्या पत्त्यावर धाड. लोभ उरला असेल तर असू दे.

तुझी मीनल


उल्हासनगर, कॅम्प ३, ९ नोव्हेंबर

चि. मीनल हिस, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात फोडलं आणि गिऱ्हाइकासमोरच रडले. नानिकना वाटलं, आप्पांचं काही झालं. तीन महिने तू पडून, मी दोन स्टेशनांवर, आणि मला पत्ता नाही!

आता खुर्चीचं. उंच पाठीच्या, चकचकीत रेक्झिनच्या खुर्चीला भुलायचं नाही. ती मालकांना डुलायला असते. दांडा ओढला की वरखाली होणारी हायड्रॉलिक अडीच हजारांखाली नाही. पण तुझ्या खुर्चीवर तू एकटीच बसणार, उंची एकदाच लावायची, म्हणजे स्क्रूची चालेल. पैसा घालायचा तो कमरेपाशी पुढे आलेल्या पाठीत, आणि मुठीने दाबला तरी तळाला न टेकणाऱ्या फोममध्ये. पाय पाच हवेत, चार पायांची कलंडते. नानिक तशीच देऊन टाकू म्हणत होते. मीच नको म्हटलं, आप्पा परत पाठवतील. अकराशे पन्नासात बसवू.

खरं तर बसून पाहिल्याशिवाय खुर्ची घेऊ नये, पण तुला रिक्षाचे धक्के सोसायचे नाहीत. तेव्हा मापं कळव. टाचेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत, पाठीपासून गुडघ्यापर्यंत, आणि बसल्यावर कमरेचा खळगा किती वर येतो ते. अर्धा इंच चुकला तरी सगळं वाया.

जपून राहा. माया आटलेली नाही.

तुझी ताई


बदलापूर, १६ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

आपली मापं आपल्याला घेता येत नाहीत. मोतीबाईंनी शिवणाची टेप लावली, तर तीनदा तीन आकडे. तेवढ्यात आप्पा दारात. तुझं पत्र उचललं आणि उभ्याउभ्या वाचलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं.

काल सकाळी आपली फिटरची स्टीलची पट्टी घेऊन आले आणि मला स्टुलावर बसवलं. मी कळवळले की थांबायचे, मग पुन्हा पट्टी लावायचे. सोबतचा कागद त्यांच्या हातचा आहे. त्यावर तुझं नाव नाही, शोधू नकोस.

पंधरा दिवस राहिले. डावा पाय मधूनच बधिर होतो, हे त्यांना सांगितलेलं नाही. ताई, मला फार भीती वाटते. रागावू नकोस, लवकर कर.

मीनल


उल्हासनगर, २३ नोव्हेंबर

चि. मीनल हिस, अ. आ.

आप्पांचा सात अजून तसाच, मधे आडवी रेघ. कागद मी ठेवून घेतला, नानिकना नक्कल करून दिली. कारागीर म्हणाला, असं माप आजवर कोणी दिलं नाही. गुडघा साडेसतरा इंच! लहानपणी तुला बगळा म्हणायचे ते उगाच नाही.

खुर्ची बुधवारी टेम्पोने येईल. खुर्चीला हात बसवलेले नाहीत, ते पैसे फोममध्ये घातले. घरी आधी तासतासभर बसून बघ. पायाचं मात्र डॉक्टरांपासून लपवू नकोस, माझी शपथ आहे.

आठवण ठेव.

ताई


बदलापूर, ५ डिसेंबर

चि. सौ. उमा हिस, आप्पांचे अनेक आशीर्वाद.

खुर्ची उत्तम आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना हात अडतो.

सोमवारी मीनल पूर्ण आठ तास बसली. मंगळवारीही बसली. मी जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी जाऊन विचारलं, तर दुखतं पण सोसवतं म्हणाली. बुधवारी साहेबांनी बोलावून सांगितलं की बदलीवर घेतलेल्या मुलीलाच कायम केलं आहे, तुम्ही खुर्ची घेऊन जा. मी जाऊन रिक्षातून आणली. तेव्हापासून पोर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवत नाही. मोतीबाईंना एवढंच म्हणाली की आता बसता येतं, तर बसायला जागा नाही.

मी कोणापुढे कधी हात पसरला नाही, हे तू जाणतेस. आज पसरतो. तुमच्या दुकानात पत्रं, बिलं टाइप करायला कोणी लागतं का? थोडं काम असलं तरी चालेल, तिला उठायला कारण हवं. तुझ्या लग्नाच्या वेळी जावईबापूंना मी जे बोललो, ते विसरा असं म्हणायचा मला अधिकार नाही. ते नाही म्हणाले तर त्यांचा दोष नाही.

मी रविवारी सकाळी दुकानाशी येतो. गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांबेन.

आप्पा